एमेट स्टोव्हलची दोन टक्कलं

डेंटन्स फेरीच्या बेसबॉल मैदानावर मी एकतीस वर्षं गवत राखलं. खेळ मी फारसा बघितला नाही. म्हणजे डोळ्यांसमोर रोजच चालायचा, पण माझं लक्ष पोरांच्या बुटांकडे असायचं. खिळ्यांचे बूट घालून ही मंडळी संध्याकाळी तीन तास माझ्या गवतावर नाचायची आणि सकाळी मी एकटा त्यांची पापं निस्तरत बसायचो. त्यामुळे एमेट स्टोव्हलची गोष्ट मी गवताच्या बाजूनं सांगणार. ज्याला त्याच्या बॅटीबद्दल ऐकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं, बॅटीबद्दल बोलणारे टेनेसीत उदंड आहेत.

आमची टीम म्हणजे शिडीची खालून दुसरी पायरी. वरची मोठी टीम कुठूनकुठून पोरं निवडून इथं पाठवायची, दोन-तीन उन्हाळे बघायची, आणि मग वरच्या पायरीवर चढवायची नाहीतर घरी पाठवायची. अगदी वरपर्यंत पोचणारा शंभरात एखादा. बाकीचे ट्रक चालवतात, विमा विकतात आणि पन्नाशीत बारमध्ये बसून सांगतात, की अमक्यातमक्याचा झेल मीच घेतला होता. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण वीस वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार.

लांबच्या गवतावर तिघं उभे असतात, डावा, मधला आणि उजवा. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या जागी परत येतो, पाय घासतो, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकतो. महिनाभरात तिथलं गवत उडतं आणि ताटाएवढं टक्कल पडतं. सीझन चालू असेतो मी त्या टकलांना हात लावत नसे. लावून उपयोग काय, संध्याकाळी पुन्हा तेच. मात्र एखादा वर गेला किंवा घरी गेला, की त्याच्या टकलात वाळू आणि बियाणं भरायचं, म्हणजे पुढच्याला स्वच्छ पाटी.

आता यातून एक भानगड झाली होती. आमचे मॅनेजर लू बर्डिक रोज मॅचनंतर माझ्या शेडमध्ये कॉफी प्यायला बसायचे आणि मनातलं ओकायचे. त्यामुळे कुणाचा घरी जायचा कागद निघालाय हे मला त्या पोराच्या एक दिवस आधी कळायचं. मी आपला सकाळी सहाला हातगाडी घेऊन बियाणं भरून मोकळा. बर्डिकसाहेब पोराला बोलावणार दुपारी बाराला. पोरं काही दूधखुळी नव्हती. दोन सीझनमध्ये त्यांनी बरोबर ताडलं, की म्हाताऱ्याची हातगाडी ज्याच्या जागेवर थांबली त्याचं इथलं अन्नपाणी संपलं. मग रिवाजच पडला. ज्याचं टक्कल भरलं त्याच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, त्यानेही कुणाला विचारायचं नाही. विचारलं की कागद लवकर येतो म्हणे. त्याला जेवताना मोठा तुकडा द्यायचा, बसमध्ये खिडकी द्यायची, थट्टा बंद. सुतक असलेल्या घरात वागतात तसं. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून मी जे केलं ते केलं, म्हणून तर आज सांगत बसलोय.

एमेट आला पंच्याऐंशीच्या जून महिन्यात. अलाबामाच्या दक्षिणेकडचा, भुईमुगाची शेती असलेल्या घरातला, लांब टांगांचा, तोंडानं कमी. वीस वर्षांचा होता. वरच्या टीमचे लोक त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. पळतो, फेकतो, पकडतो, जोर आहे, फक्त बॅट अजून शिकायचीय, असं त्यांचं म्हणणं. मला त्याचं एकच आवडलं. तो फार पुढे उभा राहायचा. मधल्या जागेवर इतकं पुढे उभं राहायला छाती लागते, कारण डोक्यावरून चेंडू गेला तर पाठ फिरवून कुंपणाकडे धावावं लागतं आणि कुंपण किती जवळ आलं ते दिसत नाही. एमेट पाठ फिरवायचा आणि सुटायचा. त्याचं टक्कल माझ्या एकतीस वर्षांतलं सगळ्यात पुढचं टक्कल होतं. एरवी मी टकलांवर चिडतो, पण त्या टकलाच्या कडा मी कात्रीनं नीट करायचो.

ऑगस्टमध्ये तो कुंपणावर आपटला. तिथं गावातल्या गादीवाल्याची पाटी होती, लाकडी फळ्यांची, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "इथं पडा, आराम करा." पडला. चेंडू हातातच होता, पण गळ्याजवळचं हाड मोडलं. सगळी टीम पुढे वर्षभर त्याला विचारायची, की गादी मऊ होती का. तोही हसायचा. त्या सीझनला तो पुन्हा खेळला नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात परत आला तेव्हा हाड जुळलं होतं, वजन वाढलं होतं, डॉक्टरांनी कागदावर सही केली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गवत कापताना बघतो तर जुनी जागा हिरवीगार आणि टक्कल पडतंय नऊ पावलं मागे. मी पावलं टाकून मोजली, दोनदा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं होतं. इतक्या मागे उभं राहिलं की पाठ फिरवून धावायची वेळच येत नाही. पण मग समोर टाकलेले हलके फटके टपाटप पडतात आणि तू आपला धावत येऊन दुसऱ्या उडीवर उचलतोस. तसंच चाललं होतं.

आणि गंमत बघा, कुणाच्याही डोक्यात पाय नव्हते. सगळे त्याच्या बॅटीमागे लागलेले. वरच्या टीमचे एक फिरते मास्तर महिन्याला यायचे, ते म्हणायचे हात वर धर. ते गेले की दुसरे यायचे, ते म्हणायचे वर कशाला, खांद्याजवळ. बर्डिकसाहेबांचं तिसरंच, गुडघा वाकव. एक ना धड भाराभर चिंध्या. जुलै उजाडला तेव्हा पोरगा पाचातल्या एका खेपेला कसाबसा हिट मारत होता, आणि उभा असा राहायचा की जणू फोटो काढायला कुणीतरी हात-पाय लावून ठेवलेत. बर्डिकसाहेब मला शेडमध्ये म्हणाले, बॅट डोक्यात बसलीय म्हणून त्याचे पाय जड झालेत. मी मनात म्हटलं, उलटं आहे, पाय घाबरलेत म्हणून सगळा माणूसच मागे सरलाय. पण बोललो नाही. माळ्यानं मॅनेजरला शिकवू नये, हे मला पहिल्याच वर्षी एकानं नीट समजावलं होतं.

एमेटला मात्र एकदा टोकलं. म्हटलं, "पोरा, कुंपण काही पळून जात नाही, तू कशाला त्याच्यापाशी पहारा देतोस?" तो हसला, "बरोबर आहे, म्हातारबा," म्हणाला आणि संध्याकाळी पुन्हा तिथंच. पालथ्या घड्यावर पाणी.

जुलैच्या तिसऱ्या सोमवारी माझ्या डोक्यात ती अक्कल आली. दहा दिवस सलग घरच्या मैदानावर मॅच होत्या. मी पहाटे उठून उजव्या कोपऱ्यामागून चांगलं मुळासकट गवत फावड्यानं सोललं आणि एमेटच्या मागच्या टकलावर आणून बसवलं. नुसत्या टकलावर नाही, तिथून मागे कुंपणाच्या दिशेनं चांगला डबल पलंगाएवढा तुकडा. पाणी मारलं, पाट्यानं चोपलं. माझ्या नव्या गवतावर खिळा पडला तर मी त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणजे एमेटला तिथं उभं राहता येणार नाही, मागे जाता येणार नाही, झक मारत पुढे यावं लागेल. मी स्वतःवर इतका खूश होतो की त्या दिवशी न्याहारीला दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

बियाणं वेगळं आणि बसवलेलं गवत वेगळं. बियाणं निरोपाचं, हे डागडुजीचं. माझ्या धंद्यात कुणीही आंधळा ओळखेल. पोरांना काय कळतंय, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

सोमवारी दुपारी एमेट सरावाला लवकर आला, मधे गेला, त्या हिरव्या चौकोनापाशी जरा वेळ उभा राहिला आणि परत आत गेला. संध्याकाळी मॅच सुरू झाली तेव्हा तो पुढे उभा होता. पहिल्या वर्षीच्या जागी, अगदी बरोबर. मी शेडच्या दारात स्टूल टाकून बसलो. त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा बूट सोडून खेळ बघितला.

काय खेळला तो. समोर पडणारे फटके बुटाच्या नाडीजवळ उचलले. बुधवारी एक चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, त्यानं पाठ फिरवली, सुटला, आणि त्याच गादीवाल्याच्या पाटीला खांदा घासत झेल घेऊन हसत हसत परत आला. बॅट तर त्यानं भलतीच धरली. हात खाली कमरेशी, गुडघा ताठ, वैरणीचे भारे गाडीत फेकल्यासारखी. अलाबामात घरामागे तो तसाच खेळत असणार. बर्डिकसाहेब ओरडले, "हात, हात!" तर तो त्यांच्याकडे बघून मान डोलवायचा आणि हात तिथंच ठेवायचा. सात मॅचमध्ये एकोणतीस खेपांना चौदा हिट.

गुरुवारी वरच्या टीमचा माणूस आला. ऑर्डवे त्याचं नाव, गवती हॅट, खिशात घड्याळ, शब्द मोजून. आठवडाभर राहून एक पोरगा वरच्या पायरीला न्यायचा, असं ठरवून आला होता. अशी माणसं मैदान राखणाऱ्याकडे चहाकॉफीला येतातच, कारण आम्ही रोज बघतो आणि आमचं कुणाशी देणंघेणं नसतं. त्यानं विचारलं, मधला पोरगा रोज असाच पुढे उभा राहतो का. मी म्हटलं, हल्ली राहतो. खोटं काय होतं त्यात. शुक्रवारी एमेटनं आणखी एका चेंडूला पाठ दिली तेव्हा ऑर्डवेनं घड्याळ खिशात टाकलं आणि वहीत बराच वेळ लिहिलं. बुधवारी सकाळी तो जाणार होता.

एक गोष्ट मला खटकत होती. पोरं एमेटशी फार गोड वागत होती. उजव्या जागेवरचा एरवी त्याला गादीवाला म्हणून हाक मारायचा, तो त्याला लिंबाच्या शिकंजीचा ग्लास आणून देत होता. मला वाटलं घरी कुणी वारलं असेल. असल्या गोष्टी मी विचारत नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी एमेट शेडमध्ये आला. हातात कागदी पिशवी, तिच्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, अजून ओलसर. तो उलट्या बादलीवर बसला आणि म्हणाला, "म्हातारबा, हे आईनं पाठवलंय. म्हटलं जायच्या आधी तुम्हाला द्यावं, नंतर धावपळीत राहून जाईल."

मी म्हटलं, "कुठं निघालास?"

तो हसला. "आता आठ दिवस झाले. माझ्या जागी येणाऱ्यालाही गालगुंड झालं की काय?" जूनमध्ये उजव्या जागेवरचा आधीचा पोरगा घरी जायचा होता, तेव्हा खरंच तसं झालं होतं. नवा गालगुंडानं पडला म्हणून कागद निघालेल्याला आणखी चार दिवस खेळवला होता. "तुम्हाला माहीत असेल तर सांगू नका, रिवाज मोडायचा नाही मला. मी बाबांना फोन केला. ते बुधवारी ट्रक घेऊन न्यायला येतायत. शेतावरच्या गड्याला त्यांनी दुसरीकडे जायला सांगितलं, म्हणाले आता तू आहेसच."

तेव्हा कुठं मला सगळी शिकंजी, सगळा गोडपणा कळला. मी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. एवढं झालं तोवर ठीक होतं.

मग तो म्हणाला, "खरं सांगू? तुमचे आभार मानायला आलो. मागच्या सोमवारी ते गवत बघितलं आणि वाटलं, चला, सुटलो. आता कुणाला काही दाखवायचं नाही. कुंपणावर आपटलो तरी कुणाचं काय जातंय, आज ना उद्या घरीच जायचंय. हे सात दिवस मी लहानपणी खेळायचो तसा खेळलो. आधीच भरलं असतं तर बरं झालं असतं."

ऑर्डवे जायला दोन मॅच होत्या. दोन. मला हे त्या क्षणी माहीत होतं, नंतर सुचलं असं नाही. मी नुसता शेंगा खात बसलो असतो, "बरं पोरा, सांभाळून जा" म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. बापाला मी स्वतः गुपचूप फोन करू शकत होतो. शेडमध्ये फोन होता, माझ्या उजव्या हाताला.

पुष्कळ जणांना मी नंतर सांगितलं, की त्या बापाचा गडी गेला म्हणून मला राहवलं नाही, पोराला फसवणं बरं वाटलं नाही. थोडं खरं आहे ते. पण जास्त खरं हे, की तो माझे आभार भलत्याच गोष्टीसाठी मानत होता. मी त्याला पुढे आणला होता. एवढे मास्तर, एवढे साहेब, कुणाला दिसलं नाही ते मला गवतात दिसलं, आणि हा म्हणतो रिवाजाप्रमाणे भरलंत, थँक्यू. मला श्रेय हवं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

म्हटलं, "अरे येड्या, तुला कुणी काढलेलं नाही. ते बियाणं नाही, बसवलेलं गवत आहे. तू कुंपणाला भिऊन नऊ पावलं मागे गेला होतास, म्हणून तुला पुढे ढकलायला मी ते केलं. आणि चाललंय बघ की, तो गवती हॅटवाला तुझ्यावरच नजर ठेवून आहे. वर नेणार तो तुला."

मला वाटलं मिठी मारेल. त्यानं विचारलं, "बुधवारपर्यंत आहे तो?"

"हो. आणखी दोन मॅच."

"दोन," तो म्हणाला. मग उठला, हात पँटला पुसले, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "नऊ पावलं?" मी हो म्हटलं. पिशवी माझ्याकडेच राहिली.

त्या संध्याकाळी मी स्टूल टाकलंच होतं. पहिल्या दोन इनिंग तो पुढे होता, पण एका जागी ठरत नव्हता, आणि दर चेंडूआधी मान वळवून गादीवाल्याची पाटी बघत होता. आठ दिवसांत त्यानं ती एकदाही बघितली नव्हती. बॅटिंगला गेला तेव्हा हात खांद्याशी होते, गुडघा वाकलेला, दुसरे मास्तर आणि साहेब एकाच अंगात. तीन चेंडूंत परत आला. तिसऱ्या इनिंगला तो चार पावलं मागे सरला. पाचव्या इनिंगला माझ्या नव्या गवतावर जाऊन उभा राहिला, खिळ्यांसकट. समोर एक हलका फटका पडला आणि दुसऱ्या उडीवर त्याच्या हातात गेला. लोकांनी हुर्यो केली. मी त्याला ओरडलो नाही. मला त्या गवताकडे बघवेना, मी आत जाऊन फावडी पुसत बसलो.

मंगळवारी तेच.

बुधवारी सकाळी ऑर्डवे शेडमध्ये आला, उभ्यानंच कॉफी प्यायला. डाव्या जागेवरच्या पोराला नेतोय म्हणाला. चांगला पोरगा होता, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मग वही खिशात घालता घालता ऑर्डवे म्हणाला, "मधल्याचं नाव मी रविवारीच लिहिलं होतं. म्हटलं आणखी दोन बघू, म्हणजे वरच्यांना छातीठोक सांगता येईल. सोमवारी काय खाल्लं त्यानं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

घरी बायकोला सगळं सांगितलं. ऑडा फार बोलत नाही. ती म्हणाली, "शेंगा तोंडात होत्या ना? मग चावायच्या." आणि भांडी घासायला लागली.

बाप आला नाही. एमेटनं सोमवारीच फोन करून सांगितलं होतं, की घोटाळा झाला, काढलेलं नाही. बाप "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला, असं त्यानं मला नंतर सांगितलं. नवा गडी त्यांना ऑगस्ट संपेपर्यंत मिळाला नाही. ऑगस्टमध्ये फिरते मास्तर पुन्हा आले, हात पुन्हा वर गेले. बर्डिकसाहेब म्हणायचे, जुलैत आठवडाभर पोराच्या अंगात काय शिरलं होतं देव जाणे. मी कॉफी ओतायचो. त्यांना मी कधीच सांगितलं नाही. आता ते नाहीत, त्यामुळे प्रश्नच मिटला. मी बसवलेला हिरवा चौकोन एमेटनं पंधरा दिवसांत घासून संपवला आणि मागचं टक्कल पुन्हा उघडं पडलं, पहिल्यापेक्षा मोठं. पुढच्या जागेवर कुणी उभं राहत नव्हतं, तिथं मला काहीच करावं लागलं नाही.

मला भेटला की तो बोलायचा. चिडला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सीझन संपला. गुरुवारी रात्री बर्डिकसाहेबांनी कॉफी पिता पिता सांगितलं, स्टोव्हलचा कागद आलाय, उद्या दुपारी देतो. शुक्रवारी सकाळी सहाला मी सवयीनं हातगाडीत वाळू भरली, बियाणं भरलं आणि दारातच थांबलो. त्या दिवशी मी मैदानात गेलो नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पोराला मॅनेजरनं आधी सांगितलं आणि गवतानं नंतर.

साडेबाराला एमेट आला. साधे बूट, इस्त्रीचा शर्ट, बॅग दाराशी ठेवलेली. हातगाडीकडे बघून म्हणाला, "म्हातारबा, या खेपेला बियाणंच आहे ना?"

मी म्हटलं, "बियाणंच आहे."

"द्या इकडे. मला पेरता येतं."

आम्ही दोघं मधे गेलो. गाडी त्यानंच ढकलली. टकलावरची माती बोटांनी मोकळी केली, वाळू मिसळली, बियाणं मुठीतून सोडलं, एकाजागी ढीग न होऊ देता, आणि टाचेनं हलकं दाबत गेला. शेतकऱ्याचं पोर ते, माझ्यापेक्षा सुबक काम केलं. मी नुसतं पाणी मारलं.

मग तो पुढे चालायला लागला. मोठ्यानं मोजत होता. नऊ म्हणाला आणि थांबला, खाली बघितलं, दोन पावलं डावीकडे गेला, परत आला, वाकून गवत हातानं बाजूला सारून बघायला लागला. सगळीकडे सारखं हिरवं होतं. ऑगस्टमध्ये पाऊस चांगला झाला होता.

"इथंच होती ना?" त्यानं विचारलं.

"तिथंच."

"काहीच राहिलं नाही."

मी म्हटलं, "आठवड्यात टक्कल पडत नाही, पोरा. महिना लागतो."

तो सरळ झाला, कुंपणाकडे पाठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि रिकाम्या मैदानाकडे तोंड करून थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला. साध्या बुटांवर. मला त्या क्षणी त्याची माफी मागायची होती, पण शब्द तोंडात आले नाहीत. जेव्हा गप्प बसायचं होतं तेव्हा आले होते. दीडला त्याची बस होती. तो ताठ झाला, हातगाडी शेडपर्यंत ढकलत आणली, जागेवर लावली आणि बॅग उचलून गेला.